आयजीजी पॉझिटिव्ह, एनएस-१ निगेटिव्ह: ठाण्यातल्या एका तापाचं प्रकरण

ठाणे पश्चिमेला, वागळे इस्टेटच्या बाजूला राहणारी १९ वर्षांची मुलगी. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. सप्टेंबर महिना, गणपती नुकतेच झालेले, पाऊस उघडझाप करणारा. तापाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मामाबरोबर आमच्या लॅबमध्ये आली. १०३ ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर धरलेली, अन्नावरची वासना गेलेली. सर्दी-खोकला नाही, पुरळ नाही. फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरियासाठी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त), विडाल (टायफॉइडची चाचणी) आणि डेंग्यूचं कार्ड. पावसाळ्यात ठाण्यातल्या बहुतेक दवाखान्यांतून हीच चौकडी लिहून येते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

रात्री रिपोर्ट तयार झाले ते असे. हिमोग्लोबिन १२.३, पीसीव्ही (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ३७, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. स्मिअरमध्ये मलेरियाचे परजीवी नाहीत. विडालमध्ये ओ १:८० आणि एच १:१६० (जंतूच्या दोन भागांवरच्या अँटिबॉडी; नमुना इतक्या पट पातळ करूनही दिसल्या). डेंग्यूच्या कार्डावर एनएस-१ (विषाणूचं प्रथिन) निगेटिव्ह; अँटिबॉडींपैकी आयजीएम (संसर्गात आधी येणारी) निगेटिव्ह, आयजीजी (मागाहून येऊन टिकणारी) पॉझिटिव्ह.

मामा मेडिकल स्टोअरमध्ये काम करणारा, त्यामुळे रिपोर्ट वाचायची सवय असलेला. त्याने काउंटरवरच निकाल लावला. "मॅडम, आयजीजी म्हणजे जुना ना? आठवीत असताना हिला डेंग्यू झालाच होता. म्हणजे अँटिबॉडी आहेत अंगात, आता परत कशाला होईल? हा टायफॉइडच. विडाल निघालीय की." त्याने अँटिबायोटिकचा कोर्स काढूनही ठेवला होता, सोबत अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन असलेली गोळी.

मामाचा तर्क वरवर पाहता चोख होता, आणि असा विचार करणारा तो एकटा नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतेय. त्या तर्कात एक गृहीत दडलेलं होतं: अँटिबॉडी रोग ओळखते.

कार्डावर नेमकं काय दिसलं

आधी त्या रेघा कशा उमटतात ते बघू. कार्डावर सीरमचा (गोठलेल्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) थेंब टाकला की तो पट्टीवरून पुढे सरकतो. वाटेत दोन ठिकाणी अशी प्रथिनं बसवलेली असतात जी माणसाची आयजीएम किंवा आयजीजी धरून ठेवतात, मग ती कुठल्याही रोगावरची असो. त्यांतली डेंग्यूवरची कुठली हे कळावं म्हणून सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेलं डेंग्यूचं प्रथिन सोबत सोडलेलं असतं. अडकलेल्या अँटिबॉडीने ते प्रथिन पकडलं तर कण तिथे साचतात आणि गुलाबी-जांभळी रेघ दिसते. एनएस-१ची खिडकी उलट्या बाजूने काम करते. तिथे अँटिबॉडी कंपनीच्या असतात, आणि त्या रुग्णाच्या रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधतात.

या मुलीच्या कार्डावर 'जी'ची रेघ ठरलेला वेळ संपायच्या आतच कंट्रोलच्या (कार्ड नीट चालल्याची खूण असलेल्या) रेघेइतकी गडद झाली. 'एम'ची जागा कोरी. मला खटकला तो हा गडदपणा. काही किटमध्ये आयजीजीची पातळी मुद्दाम वर ठेवलेली असते, म्हणजे जुन्या संसर्गाची शिल्लक आयजीजी तिथे सहसा रेघ उमटवत नाही. आमचं किट त्यातलंच. पाच वर्षांपूर्वीच्या डेंग्यूची आठवण म्हणून उरलेली आयजीजी एवढी ठळक दिसायला नको होती. सध्याच काहीतरी तिला जोरात वर ढकलत होतं.

विडालबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये ती आणली, आणि आपल्याकडे ती अजून दणक्यात चालते. टायफॉइडच्या जंतूवरचे काही अँटिजेन साल्मोनेलाच्या इतर जातींवरही असतात. शिवाय जुना संसर्ग किंवा लस यांच्या अँटिबॉडी दुसऱ्याच तापात थोड्या वर येऊ शकतात. आपल्या भागात एकट्या विडालमधल्या १:८०-१:१६० वरून टायफॉइड ठरवणं मला पटत नाही. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची चाचणी) करा म्हणून डॉक्टरांना सुचवलं. ते लावलं, आणि पुढे त्यात काहीच वाढलं नाही.

त्याच सीरमवर दुसऱ्या दिवशी सकाळी एलायझा (त्याच गोष्टी लॅबमध्ये मोजून सांगणारी चाचणी) केली. एनएस-१ पॉझिटिव्ह, पण जेमतेम. आयजीएम सीमारेषेवर. आयजीजी खूप वर. डॉक्टरांना फोन करून सांगितलं की हा डेंग्यूच दिसतोय, आणि बहुधा दुसऱ्यांदा झालेला. त्यांनी आयबुप्रोफेन बंद करायला लावलं, फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ सांगितले, आणि रोज पीसीव्ही बघायला सांगितलं.

कार्डावर एनएस-१ का सापडलं नव्हतं? पहिल्या संसर्गात हे प्रथिन रक्तात मोकळं फिरत असतं, ताप आल्या दिवसापासून सापडतं. दुसऱ्या संसर्गात त्याच्यावरच्या जुन्या अँटिबॉडी आधीच हजर असतात. त्या त्याला चिकटतात, झाकून टाकतात, आणि कार्डावरच्या अँटिबॉडींना धरायला जागा उरत नाही. म्हणजे एनएस-१ निगेटिव्ह आणि आयजीजी पॉझिटिव्ह हे दोन वेगळे निष्कर्ष नव्हतेच. दुसरा पहिल्याचं कारण होता.

ओळख कशाची असते

अँटिबॉडीचा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा. दोन जड साखळ्या, दोन हलक्या. दोन्ही हातांच्या टोकांना सहा-सहा लूप असतात, आणि सगळी ओळख त्या लूपांत असते. ते विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका लहानशा भागाला जाऊन टेकतात. हा भाग म्हणजे एपिटोप, साधारण १५-२० अमिनो आम्लांचा. आकार आकाराशी जुळला, एका बाजूचा धन भार दुसऱ्या बाजूच्या ऋण भारासमोर आला, हायड्रोजन बंध जमले, की पकड बसते. यातला एकेक बंध कमकुवत असतो. पुष्कळसे एकदम जुळले तरच पकड टिकते. विषाणूचं नाव, त्याचं कूळ, तो काय रोग करतो, यातलं काहीही त्या लूपांना कळायचा मार्ग नाही.

आणि हे लूप विषाणू बघून बनवलेले नसतात. ते आधीच तयार असतात. जड साखळीच्या टोकासाठी आपल्या जनुकांत सुमारे ४० 'व्ही' तुकडे, २३ 'डी' आणि ६ 'जे' असतात. प्रत्येक बी पेशी (अँटिबॉडी बनवणारी पेशी) जन्मताना प्रत्येकी एक उचलून जोडते, जोडांवर काही अक्षरं घालते किंवा गाळते, मग हलकी साखळीही अशीच बनवते. सुसुमु तोनेगावा यांनी ही जनुकांची फेरजुळणी १९७६ मध्ये दाखवली, १९८७ चं नोबेल त्यासाठी मिळालं. त्याआधी १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी मांडलं होतं की रोगजंतू आला की त्याच्याशी जुळणारी पेशी तेवढी निवडली जाते आणि तिच्याच पेशी वाढतात. लसिकागाठींमध्ये या वाढणाऱ्या पेशी आपल्या अँटिबॉडीच्या जनुकांत मुद्दाम बदल करत जातात. ज्यांची पकड सुधारते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. डेंग्यूत मानेतल्या, काखेतल्या गाठी लागतात त्या यामुळे.

यातून निघणारी गोष्ट या मुलीच्या बाबतीत महत्त्वाची ठरली. पकड सुधारते ती त्या वेळी समोर असलेल्या तुकड्यासाठी. तोच तुकडा दुसऱ्या विषाणूवर थोड्या फरकाने असला, तर जुनी अँटिबॉडी तिथेही जाऊन बसते, फक्त तितकी घट्ट नाही.

चार डेंग्यू

डेंग्यूचा विषाणू सुमारे ५० नॅनोमीटरचा, गोल. त्याच्या अंगावर 'ई' नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती जोडीजोडीने आडव्या पसरलेल्या असतात. याच प्रथिनाने तो पेशीला चिकटतो आणि आत शिरतो, म्हणून महत्त्वाच्या अँटिबॉडी याच्यावर येतात. पण डेंग्यू एक नाही, चार आहेत. डेन्व्ही-१ ते डेन्व्ही-४. चार सख्ख्या भावांसारखे: नाक घराण्याचं, बाकी चेहरा ज्याचा त्याचा. ई प्रथिनाच्या दुसऱ्या भागाच्या टोकाला एक लहान लूप आहे, ज्याच्या मदतीने विषाणू पेशीच्या पडद्यात मिसळतो. तो चौघांतही जवळपास सारखा. इतकंच काय, जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइलच्या विषाणूंवरही तो असाच आहे. तिसरा भाग मात्र प्रत्येकाचा वेगळा.

पहिल्यांदा डेंग्यू झाला की दोन्ही प्रकारच्या अँटिबॉडी बनतात. तिसऱ्या भागावरच्या किंवा त्या-त्या प्रकाराच्या खास जागांवरच्या अँटिबॉडी विषाणूला चांगला निकामी करतात, पण फक्त त्या प्रकाराला. सामाईक लूपवरच्या चौघांना धरतात, पण निकामी करण्यात कच्च्या, कारण पूर्ण तयार झालेल्या विषाणूवर तो लूप बराचसा दडलेला असतो. अर्धवट तयार झालेले कणही रक्तात फिरत असतात, त्यांच्यावर तो उघडा पडतो. आपल्याच प्रकाराविरुद्धचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. बाकी तिघांविरुद्धचं काही महिन्यांत ओसरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अल्बर्ट साबिन यांनी स्वयंसेवकांना एकापाठोपाठ दोन प्रकारांची लागण करून हे पाहिलं होतं. आज कुठलीही एथिक्स कमिटी त्याला परवानगी देणार नाही, पण माहिती तिथून आली हे खरं.

आठवीतला डेंग्यू सौम्य होता. एक सलाईन, आठवडाभर शाळा बुडाली, एवढंच आईला आठवतं. त्यानंतर पाच वर्षं गेली होती.

दुसरा प्रकार अंगात शिरला की जुन्या अँटिबॉडी त्याला धरतात, पण संख्येने कमी आणि पकड सैल. एका कणाला पुरेशा अँटिबॉडी चिकटल्या तरच तो निकामी होतो; त्याहून कमी चिकटल्या तर तो जिवंतच राहतो, फक्त त्याच्या अंगावर अँटिबॉडीच्या शेपट्या लटकत असतात. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पेशींवर नेमक्या त्या शेपट्या पकडायचे रिसेप्टर असतात. अँटिबॉडी चिकटलेलं काहीही गिळून नष्ट करायचं हे त्यांचं रोजचं काम. डेंग्यू तर याच पेशींत वाढतो. एरवी त्याला आत शिरायला खटपट करावी लागते, इथे पेशी त्याला स्वतः आत घेते. विषाणूंची संख्या वाढते, त्याबरोबर शरीराची प्रतिक्रियाही भडकते, आणि केशवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपायला लागतो.

हे स्कॉट हॉल्स्टेड यांनी १९६०च्या दशकात बँकॉकमधल्या मुलांच्या केसेसवरून मांडायला सुरुवात केली. त्यातला मला सगळ्यात पटणारा पुरावा तान्ह्या बाळांचा आहे. वर्षाच्या आतल्या बाळांना पहिल्याच संसर्गात गंभीर डेंग्यू होत होता, आणि त्यांच्या आयांना आधी डेंग्यू होऊन गेलेला असे. नाळेतून आलेली आईची आयजीजी सुरुवातीचे महिने बाळाला वाचवते. ती कमी होत एका मधल्या पातळीवर आली की तीच घात करते. क्यूबात तर अख्ख्या देशावर हा क्रम उमटला. १९७७ मध्ये तिथे डेन्व्ही-१ची साथ आली, फार गाजावाजा न होता गेली. १९८१ मध्ये डेन्व्ही-२ आला: ३ लाख ४४ हजारांवर रुग्ण, १५८ मृत्यू. निकाराग्वातल्या मुलांवरच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती मधली पातळी आकड्यात सापडली. अँटिबॉडीचं प्रमाण १:२१ ते १:८० या पट्ट्यात असलेल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सर्वाधिक. अजिबात अँटिबॉडी नसलेल्यांपेक्षाही जास्त, आणि भरपूर असलेल्यांपेक्षा तर कितीतरी.

आमच्या मुलीचं संसर्गाआधीचं प्रमाण आपल्याकडे नाही, तापाआधीचं सीरम कोण जपून ठेवतो! तेव्हा तिच्या बाबतीत हेच घडलं असं सिद्ध करता येणार नाही. पुढचा क्रम मात्र त्याला धरून होता.

ताप उतरला तो दिवस

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आजीने मऊ भात लावला. दुपारी पोटात दुखायला लागलं, दोन-तीन उलट्या झाल्या, हातपाय गार. आईच्या म्हणण्याप्रमाणे ती "नुसती पडून होती, बोलायलाच तयार नाही". डॉक्टरांनी रोज पीसीव्ही सांगितलेला असल्यामुळे मामा तिला घेऊन आला. प्लेटलेट ४२ हजार. आई तो आकडा पाहून रडायलाच लागली. मी बघत होते दुसरा आकडा: पीसीव्ही ४५.

३७ वरून ४५, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त वाढ. तांबड्या पेशी वाढल्या नव्हत्या, त्यांच्या भोवतीचा द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर गेला होता. डेंग्यूचा खरा धोका इथे असतो, आणि तो येतो ताप उतरण्याच्या सुमारास, जेव्हा विषाणू रक्तातून बहुतांशी गेलेला असतो. पुढचे २४ ते ४८ तास काढायचे असतात. तिला त्याच तासात ॲडमिट केलं. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली, उजव्या फुप्फुसाखाली थोडं पाणी. सलाईन वजनाप्रमाणे मोजून, दर काही तासांनी पीसीव्ही पाहून कमी-जास्त करत दिलं. भराभरा सलाईन लावणं इथे उपयोगाचं नाही. झिरपणं थांबलं की तेच पाणी परत रक्तात येतं आणि फुप्फुसं भरतात.

प्लेटलेटबद्दल एवढंच. आपल्याकडे सर्रास "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असं म्हणतात ते प्लेटलेटबद्दल, आणि सगळं घर त्या एका आकड्यावर डोळे लावून बसतं. पपईच्या पानाचा रस येतो, कोणीतरी किवी आणतं. सहाव्या दिवशी तिच्या प्लेटलेट २४ हजारांवर आल्या. नातेवाइकांनी पिशव्या जमवायची तयारी केली होती. कुठूनही रक्त जात नव्हतं, त्यामुळे हॉस्पिटलने चढवल्या नाहीत. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या चढवत नाहीत. सातव्या दिवशी पीसीव्ही ३८, लघवी भरपूर, भूक लागलेली. पायांवर लालसर पुरळ उठलं, मध्ये मध्ये पांढरे ठिपके राहिलेलं. डेंग्यू उतरणीला लागल्याचं ते लक्षण. आठव्या दिवशी प्लेटलेट ७१ हजार, आणि घरी सोडलं.

कुठला भाऊ?

हॉस्पिटलने तिसऱ्या दिवसाचं उरलेलं सीरम मागून घेतलं आणि पीसीआर केली. उत्तर आलं: डेन्व्ही-२. आयजीजीची एलायझा हे कधीच सांगू शकली नसती, कारण ती चौघांनाही जवळपास सारखाच प्रतिसाद देते. पीसीआर अँटिबॉडीला विचारतच नाही, विषाणूचा आरएनए थेट वाचते. त्यासाठी नमुना मात्र पहिल्या काही दिवसांतला लागतो. आठवीतला प्रकार कुठला होता ते आता कळणार नाही. डेन्व्ही-२ नव्हता, एवढं म्हणता येतं.

एलायझात आयजीजी एवढ्या लवकर एवढी वर का होती, त्याचाही उलगडा यात आहे. दुसऱ्या संसर्गात पहिल्यांदा जाग्या होतात त्या जुन्या स्मृतिपेशी, आणि त्यांना नवा विषाणू सामाईक तुकड्यापुरताच ओळखीचा असतो. त्या धडाधड आयजीजी बनवतात, जुन्याच आकाराची. नव्या प्रकारासाठी नेमकी अँटिबॉडी मागाहून येते. म्हणून मामाने वाचलेलं "आयजीजी म्हणजे जुना" अर्धंच खरं होतं. ती अँटिबॉडी जुन्या आकाराची होती, पण तिला त्या आठवड्यात वर आणणारा विषाणू नवा होता.

पंधरा दिवसांनी आई फेरतपासणीच्या सीबीसीसाठी तिला घेऊन आली तेव्हा तिचे दोन प्रश्न होते. पहिला, आता तिसऱ्यांदा झाला तर? उत्तर बऱ्यापैकी दिलासा देणारं आहे. दोन वेगवेगळ्या प्रकारांचा डेंग्यू होऊन गेल्यावर पुढचा सहसा गंभीर होत नाही. दोन प्रकार पाहिलेल्या शरीरात अशा अँटिबॉडी तयार होऊ शकतात ज्या एका ई प्रथिनाला न धरता शेजारशेजारच्या दोघांच्या जोडावर बसतात. तो जोड चारही प्रकारांत बराच सारखा असतो, आणि तिथे बसलेली अँटिबॉडी विषाणूला खरोखर निकामी करते. २०१५ मध्ये अशा अँटिबॉडी डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळ्या काढल्या गेल्या.

दुसरा प्रश्न धाकट्या भावाचा. तो दहावीत, त्याला कधी डेंग्यू झाल्याचं माहीत नाही. "त्याची पण आयजीजी करून ठेवू का, मॅडम?" मी नको म्हटलं. ठाण्यासारख्या ठिकाणी लक्षात न येता डेंग्यू होऊन गेलेली मुलं पुष्कळ असतात. पॉझिटिव्ह आली तरी कुठला प्रकार आणि किती संरक्षण हे त्या चाचणीतून कळत नाही, निगेटिव्ह आली तरी पुढच्या पावसाळ्यात करायचं तेच. लस द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळेतल्या मुलांना डेंगव्हॅक्सिया दिली गेली, आणि २०१७च्या शेवटी स्पष्ट झालं की आधी कधीच डेंग्यू न झालेल्या मुलांत ती लस पहिल्या संसर्गासारखी वागते, म्हणजे पुढचा खरा संसर्ग त्यांना जास्त जड जाऊ शकतो. त्यानंतर ती देण्याआधी रक्त तपासायची अट आली. भावाच्या बाबतीत तूर्त तसा काही विषय नव्हता.

आईला कागदावर लिहून दिलं ते असं: त्याला ताप आला तर पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी नाही, पहिल्या तीन दिवसांत एक सीबीसी करून पीसीव्हीचा आकडा लिहून ठेवायचा, आणि ताप उतरल्या दिवशी पोटात दुखलं किंवा उलट्या झाल्या तर कार्ड काय म्हणतंय त्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल. मामाने त्याचा फोटो काढून घेतला, म्हणाला दुकानात काउंटरमागे लावतो.